आत्याची बाज आणि देवाचा पुरावा

लातूरकर_पुण्यात (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गणपती उठले की आमच्या घरी दरवर्षी एकच विषय निघतो. यंदाही निघाला आणि यंदा मी जरा जास्तच बोललो. आत्या रुसली, आई चिडली, बायको म्हणाली, "तुला गप्प बसायचे पैसे पडतात का?" म्हणून आता इथे लिहितोय.

आत्याचं सासर किल्लारीच्या जवळच्या एका गावात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून सगळं गाव दमून झोपलेलं. आतोबा राखणीला शेतात. आत्याचं धाकटं लेकरू सात महिन्यांचं, ते काही केल्या गप्प राहीना. आत सासूबाई, जाऊ आणि जावेची दोन मुलं. म्हातारीची झोपमोड नको म्हणून आत्यानं बाज उचलली आणि अंगणात टाकली. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. आत्या सांगते, "आधी मोठी गाडी आल्यावानी आवाज आला, मग नुसता धुराळा. धुराळा बसला तर म्होरं घरच नाही." आतलं कुणीही वाचलं नाही.

तिच्या लेखी याचा अर्थ सरळ आहे. तुळजापूरच्या आईनं लेकराला रडवलं, म्हणून ती दोघं वाचली. एवढी वर्षं आम्ही हे ऐकतोय आणि माना डोलावतोय.

यंदा माझ्या तोंडून गेलं, "मग जावेच्या पोरांना का नाही रडवलं?"

पुढची पाच मिनिटं कुणी बोललं नाही. कुकरची शिट्टी तेवढी झाली.

माझा प्रश्न असा. आत्याचा अनुभव हा देव असल्याचा पुरावा धरायचा का? नसेल, तर कशाला धरायचं? आणि तिची जाऊ गेली, हा देव नसल्याचा पुरावा धरायचा का? "श्रद्धेचा विषय आहे" एवढंच लिहून कृपया पळू नका, ते मला घरीही ऐकवतात.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभर प्रतिसाद नक्की.

तर्कटपंजी

धागा आवडला. आत्याबाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते.

रोमन लेखक सिसेरोनं डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची गोष्ट सांगितली आहे. समुद्रात नवस बोलून वाचलेल्या लोकांनी देवळात चित्रं टांगली होती. मित्रानं ती दाखवून विचारलं, बघ, देव आहे की नाही? डायगोरस म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुठे टांगली आहेत?

किल्लारीत हेच झालं. जे वाचले त्यांच्याकडे गोष्ट आहे. शेतात राखणीला, अंगणात बाजेवर, परगावी लग्नाला, प्रत्येकाकडे एक कारण आहे आणि त्या कारणात देवाला जागा आहे. पण त्या रात्री आणखी किती आयांनी रडतं मूल घेऊन ते आतच, पंख्याखाली निजवलं असेल? त्याही देवीचंच नाव घेत असतील. त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही. मेलेल्यांचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो, आठ हजारांच्या आसपास ते दहा हजारांच्या जवळ. एवढ्या लोकांची बाजू आपल्या कानावर कधी येतच नाही.

पुरावा तोलायची पद्धत साधी आहे. देव आहे असं धरलं तर ही घटना कितपत अपेक्षित? नाही असं धरलं तर कितपत? दोन्हीकडे सारखीच अपेक्षित असेल तर ती पुरावा नाही, मग ती कितीही अंगावर काटा आणणारी असो. हजारो घरांच्या गावांत उकाड्यानं, रडक्या पोरानं, राखणीनं काही माणसं बाहेर असणारच. देव असो वा नसो.

हरिपाठ_रोज

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गडबड आहे. देव असेल तर तो काय करेल हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. तुमच्या तराजूत जो देव आहे तो नवस फेडणारा, आपल्या माणसांना हात धरून बाहेर काढणारा देव आहे. तसा नाही म्हणालात तर माझं काही भांडण नाही. तुकोबांनीच विचारलंय, नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती. नवसाच्या देवाची खिल्ली उडवायला आम्हाला डायगोरसची गरज पडली नाही.

तर्कटपंजी

मग तुमचा देव करतो काय?

हरिपाठ_रोज

उद्या सांगतो, आता काकडा आहे पहाटे.

रिकामटेकडा

काकडा की पळवाट? (हलके घ्या.)

अर्धी_भाकरी

मी पुनर्वसनाच्या कामावर होतो, तेव्हा नुकताच डिप्लोमा झालेला सिव्हिलवाला. देवाचं मला कळत नाही, भिंतींचं थोडं कळतं.

तिथली जुनी घरं पाहिलीत का कुणी? भिंत अडीच-तीन फूट जाड. जाड म्हणजे मजबूत असं सगळ्यांना वाटायचं, मलाही. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये मुरूम-माती आणि कपच्या. दोन थरांना बांधणारा आरपार दगड कुठे नाही. दगड गोल, चुना-सिमेंट नाही, नुसता चिखल. वर माळवद: तुळया, त्यावर लाकडं, त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही. आजोबांपासून टाकलेली माती नातवाच्या डोक्यावर. कुठे कुठे दीड-दोन फूट. हादरा बसला की आतला थर आत, बाहेरचा बाहेर, आणि मधोमध ते सगळं वजन खाली. खांबांवर माळवद पेललेली काही घरं भिंती पडूनही उभी होती, आणि त्यातली माणसं वाचली.

दुसरं. हा भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता, झोन एक. १९९२ च्या पावसाळ्यानंतर तिथे लहान लहान धक्के बसत होते, ऑक्टोबरात तर एक चांगला मोठा बसला होता. लोकांनी ओरड केली, काही दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून आत गेले. नकाशा बदलून तो भाग झोन तीनमध्ये आला तो २००२ साली. निम्न तेरणा धरणाच्या पाण्यामुळे धक्के आले का, यावर तज्ज्ञांत तेव्हापासून वाद आहे.

आता एक तुलना. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटे, साडेचारला. आपल्यापेक्षा मोठा, ६.७ चा. मेले साठेक. सुट्टीचा दिवस, रस्ते रिकामे होते हा भाग आहेच, नाहीतर पडलेल्या पुलांवर आणखी गेले असते. पण मुख्य फरक छपराचा. त्यांच्याकडे लाकडी सांगाड्याची हलकी घरं.

देवाच्या खात्यावर काय टाकायचं ते टाका, पण माळवद आधी वजा करा.

चकली_ताई

अर्धी_भाकरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या गावच्या घराला अजून माळवद आहे. आजच भावाला फोन करते.

शास्त्रीबुवा_निवृत्त

देवाचा पुरावा मागणं हे साहेबाकडून आलेलं खूळ आहे, असं कुणी लिहिण्याआधी मी पुढे होतो. आपल्याकडे हे भांडण हजार वर्षांपूर्वी इतकं बारीक चाललं होतं की आजचे टीव्हीवरचे वाद पोरखेळ वाटावेत.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, अनुमान तुम्ही शाळेत नकळत ऐकलेलं आहे. जग हे कार्य आहे, घटासारखं. घटाला कुंभार लागतो, म्हणून जगाला कर्ता लागतो. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर न्यायकुसुमांजली हा अख्खा ग्रंथ रचला. लक्षात घ्या, ईश्वर आहे हे सिद्ध करायला ग्रंथ लिहावा लागला, कारण नाही म्हणणारे तगडे होते. बौद्ध पंडित धर्मकीर्ती सातव्या शतकात म्हणून गेला होता की मातीची आकृती दिसली की कुंभार, असं म्हणाल तर वारूळही कुंभारानंच केलं म्हणावं लागेल. मला हा दाखला फार आवडतो. वारूळ बघा कधी जवळून: आत बोळ, कोठ्या, हवा खेळायला वाटा. कर्ता शोधायला गेलात तर मुठीत मुंग्या येतात.

आणि नाही म्हणणारे सगळे बौद्ध-जैन होते असंही नाही. कुमारिल भट्ट, वेदाचा कट्टर अभिमानी, जगाचा निर्माता मानत नाही. त्याचा प्रश्न या धाग्याला थेट लागू आहे. देवानं सृष्टी करुणेपोटी केली म्हणता? पण सृष्टीच्या आधी करुणा करायला होतं कोण? आणि करुणेनंच केली, तर नुसतं सुखाचं जग का नाही केलं?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मला नास्तिकांच्या कळपात टाकाल. चार्वाक म्हणतो, दिसत नाही म्हणून नाही. उदयन म्हणतो, घराबाहेर पडल्यावर तुला बायकोमुलंही दिसत नाहीत, मग ती मेली म्हणून रडत बसशील का? न दिसणं हा नसण्याचा पुरावा केव्हा? ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी असेल तेव्हाच. ओसरीवर हत्ती दिसत नाही म्हणजे हत्ती नाही, हे ठीक. पण ईश्वर ही दिसण्याजोगी वस्तूच नाही, तर न दिसण्यावरून काय ठरणार?

म्हणजे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं रूप बदलतं. करुणामय ईश्वर असता तर त्याची करुणा त्या पहाटे दिसलीच पाहिजे होती का? म्हणजे, तो असला तर दिसणारा हत्ती, की असूनही न दिसणारं पिशाच?

खवचट_खान्देशी

बुवा, दंडवत. उदयनाचार्यांची पुरीची गोष्ट विसरलात. देऊळ उघडेना तेव्हा जगन्नाथालाच सुनावलं म्हणे, ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध येऊन ठाकले की तुझं असणं माझ्यावर अवलंबून आहे! खरी असो नसो, असा भक्त पाहिजे.

शास्त्रीबुवा_निवृत्त

दंतकथा आहे, पण उदयनाला शोभते.

सत्य_सनातन_७७

एवढं कशाला? कर्मसिद्धांत वाचा. ज्याचं त्याचं प्रारब्ध. देव फक्त फळ देतो. आत्याबाईंची पुण्याई होती, वाचल्या.

लातूरकर_पुण्यात

आणि जावेच्या मुलांची नव्हती? मोठी पाच वर्षांची होती. तिची पुण्याई कुठे मोजली तुम्ही?

सत्य_सनातन_७७

मागच्या जन्मीचं असतं. भावनेच्या भरात शास्त्र बदलत नाही.

हरिपाठ_रोज

सत्य_सनातन, मी चाळीस वर्षं पंढरीला जातो, माळ घातलेली आहे. पण ढिगाऱ्यासमोर बसलेल्या बाईला तुझ्या लेकराचं मागच्या जन्मीचं पाप होतं, हे सांगायला माझी जीभ धजणार नाही. ज्या देवाच्या बचावासाठी हे बोलावं लागतं, त्याचं वकीलपत्र मी घेत नाही.

तर्कटपंजी ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझा देव करतो काय? भूकंप थांबवत नाही हे उघड आहे. मला वाटतं ते असं: हे जग नियमानं चालतं, आणि नियम आपल्याला कळण्याजोगे आहेत. तिकडे जमिनीखाली काय झालं ते इकडे माणूस वहीवर गणित मांडून सांगू शकतो. हे असं का असावं? नुसता गोंधळही असू शकला असता, किंवा काहीच नसतं. काहीच नसण्याऐवजी काहीतरी आहे आणि ते समजतं, हे मला फुकटचं वाटत नाही. यात पुरावा किती, ते तुम्ही ठरवा. मी याला खूण म्हणतो.

तर्कटपंजी

हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण देव म्हटल्यानं तरी ते मिळतं का? देव का आहे, हा प्रश्न तसाच उरतो. आणि नियमांमागे असलेला देव आत्याच्या लेकराला रडवत नाही. तुम्ही सिद्ध करताय एक आणि देवघरात बसवलाय दुसरा.

ऋग्वेदातलं सृष्टीच्या उगमावरचं नासदीय सूक्त लिहिणारा या बाबतीत आपल्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक होता. शेवटी म्हणतो, परम व्योमात जो याचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.

हरिपाठ_रोज

देवघरातला दुसरा आहे, हे मान्य. तो माझ्या आईनं बसवलेला आहे.

चकली_ताई

भावाशी बोलले. माळवद काढायला दिवाळीनंतरचा मुहूर्त. बघू.

विषयाला धरून: मी मिनेसोटात नर्स आहे, हृदयरोग विभागात. प्रार्थनेनं रोगी बरे होतात का, याची रीतसर चाचणी झालेली आहे, आणि ती करणारे देवाचे शत्रू नव्हते, पैसा बराचसा श्रद्धावंतांच्या बाजूचा होता. निकाल २००६ साली आला. बायपासचे १८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्यासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. आपल्यासाठी होतेय की नाही हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिसऱ्याला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की होणार. गुंतागुंत पहिल्यात ५२ टक्के रुग्णांना, दुसऱ्यात ५१. म्हणजे फरक नाही. गंमत तिसऱ्यात: ५९ टक्के! आमच्याकडचे डॉक्टर म्हणतात, बिचारे घाबरले असतील, माझी तब्येत इतकी वाईट की प्रार्थनेची टीम बोलवावी लागली?

त्याच्याही आधी, १८७२ साली, इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञानं आणखी साधा हिशेब केला होता. राजघराण्यासाठी देशभर दर रविवारी प्रार्थना होते, तर राजे जास्त जगायला हवेत. निघाले उलटे, बड्या लोकांच्या यादीत सगळ्यात अल्पायुषी.

तरीसुद्धा कुणी रुग्णाची आई जपमाळ घेऊन बसली तर मी खुर्ची आणून देते. पुरावा नाही म्हणून मी तिला उठवू का?

खवचट_खान्देशी

चाचणीत देवाला माहीत होतं ना की चाचणी चाललीय? तो कशाला सापडेल!

तर्कटपंजी

खवचटराव, तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण खरी मेख इथेच आहे. चाचणी फसली तर देव परीक्षा देत नाही, आणि साधली असती तर पेढे वाटले असते. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध प्यायला तेव्हा तो पुरावा होता. चमच्यातलं दूध पृष्ठताणानं ओढलं जाऊन मूर्तीवरून पातळ थरानं खाली वाहतंय, हे रंगीत दूध वापरून दाखवल्यावर मात्र तो श्रद्धेचा विषय झाला. जिंकलो तर धरायचं, हरलो तर सोडायचं, अशा हिशेबाला आमच्या आळीतला वाणीसुद्धा उधार देणार नाही.

काळा_कोट

उशिरा आलो. देवाचं अस्तित्व कोर्टात कसं असतं ते सांगतो, जरा हवा पालटेल. आपल्या कायद्यात मूर्ती ही विधिमान्य व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावू शकते, ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलनं १९२५ सालीच हे मानलंय. आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं की देवतेला आयकरही लागू शकतो. तेव्हा देव आहे की नाही यावर तुमचं एकमत होवो न होवो, रिटर्न भरावं लागेल.

अर्थात कोर्ट देव आहे असं म्हणत नाही. दान देणाऱ्याच्या हेतूला कायद्यानं दिलेलं ते शरीर आहे.

रिकामटेकडा

पॅन कार्डावर फोटो कुणाचा लावतात?

अर्धी_भाकरी

एक राहिलं होतं. ढिगाऱ्यातून काही दिवसांनी एक लहानगं लेकरू जिवंत निघालं, हे तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. लोक चमत्कार म्हणाले. मी ते बाहेर काढणाऱ्या सैनिकांबद्दल विचार करतो. सगळं संपलं असं वाटत असताना त्यातल्या कुणाला तरी वाटलं की इथे अजून एकदा बघू. याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. ताईंच्या तराजूत कुठल्या पारड्यात टाकायचं?

तर्कटपंजी

माणसांच्या.

हरिपाठ_रोज

आणि मी म्हणेन, तुम्ही ज्याला माणूस म्हणता त्यालाच आम्ही…

तर्कटपंजी

नका, काका. एवढं तरी माणसांकडे राहू द्या.

हरिपाठ_रोज

बरं. राहिलं.

लातूरकर_पुण्यात (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मला वाटलं त्यापेक्षा कमी भांडलात. माझ्यापुरतं सांगतो: आत्याची गोष्ट पुरावा नाही, हे मला आधीही वाटत होतं, आता का नाही ते नीट सांगता येईल. जावेचं मरण मात्र देव नसल्याचा पुरावा नाही, पण प्रेमळ आणि हवं ते करू शकणाऱ्या देवाच्या विरुद्ध चांगलाच जड पुरावा आहे. शास्त्रीबुवांच्या भाषेत, तो देव हत्ती आहे, ओसरीवर असता तर दिसला असता. नियमांमागच्या देवाला किल्लारीनं धक्का लागत नाही. त्याच्याशी माझं वैर नाही, फारशी ओळखही नाही.

काल आत्याला फोन केला, माफी मागायला. म्हटलं, मी तसं बोलायला नको होतं. म्हणाली, "त्यात काय वंगाळ बोललास? तेच तर इचारते मी आईला. तीस वर्सं झाली, दर अश्विनात तुळजापूरला जाते अन् त्येच इचारते. जावंच्या पोरी काय वाईट होत्या व्हय? थोरली माझ्याच कडंवर असायची."

मी विचारलं, मग देवी काय म्हणते?

"काय म्हणंल? काई न्हाई म्हणत. तू जेवलास का?"

मग इकडचं तिकडचं बोललो. पुनर्वसनात मिळालेल्या घराला आता वर आरसीसी स्लॅब आहे, चुलतभावानं मागच्या वर्षी टाकला. आत्या अजून अंगणातच झोपते, त्याच बाजेवर, नवार तेवढी बदललेली. मी म्हटलं, आता इंजिनिअरनं बांधलेलं घर आहे, पडत नाही ते. पावसाचं काय करतेस?

म्हणाली, "पत्रे टाकून घेतले की वर. हलके हायेत."